शब्दकोश मिटून जर्मन वाचताना

जर्मन रहस्यकथेत एक वाक्य येतं: ‘एर ब्राख्टे ईन नाख मिटरनाख्ट उम.’ ए-२ पातळी, म्हणजे ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांपैकी दुसरी, संपवलेल्या वाचकाला यातला एकही शब्द नवा नसतो. एर म्हणजे तो, ब्राख्टे म्हणजे आणलं, ईन म्हणजे त्याला, नाख मिटरनाख्ट म्हणजे मध्यरात्रीनंतर. वाचक मनात जुळवतो, ‘मध्यरात्रीनंतर तो त्याला घेऊन आला’, आणि पान उलटतो. शेवटचं ‘उम’ नजरेतून निसटलेलं असतं. ब्रिंगन म्हणजे आणणं, पण उमब्रिंगन म्हणजे ठार मारणं. कथेतला खून होऊन गेला आणि वाचकाला पत्ता नाही. इथून पुढचं प्रत्येक पान त्याला जड जाणार आणि दोष तो नव्या शब्दांना देणार.

वाचता वाचता शब्द शिकण्याचा विषय निघाला की बोलणं लगेच अनोळखी शब्दांवर येतं. जर्मनमध्ये मला जास्त धोका ओळखीच्या शब्दांचा वाटतो. अनोळखी शब्द निदान वाट अडवतो, आपल्याला काहीतरी कळलेलं नाही हे तरी कळतं. ओळखीचा चेहरा घेऊन आलेला शब्द मात्र न विचारता आत येतो. ह्योरन म्हणजे ऐकणं, आउफह्योरन म्हणजे थांबणं. ‘झी ह्योर्टे मिटन इम झाट्स आउफ’ याचा अर्थ ‘ती वाक्याच्या मध्येच थांबली’ असा आहे, ऐकण्याचा इथे काही संबंध नाही. म्हणून संदर्भावरून अंदाज बांधण्याची पहिली सवय अंदाजाच्याही आधीची आहे. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी दिसलं की नजर आधी त्या वाक्याच्या टोकाला टाकायची. तिथे आन, आउफ, आउस, आप, आइन, उम, फोर, त्सू यांपैकी एखादा छोटा तुकडा एकटा उभा असेल तर तो उचलून क्रियापदाला जोडायचा आणि मगच अर्थाचा विचार करायचा. जर्मनमध्ये स्वल्पविराम व्याकरणाच्या नियमाने पडतो, त्यामुळे गौण वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे छापील पानावर स्पष्ट दिसतं. गौण वाक्यात तर क्रियापद आपल्या मराठीसारखं शेवटी जातं आणि तुकडा त्याला चिकटूनच येतो. तिथे आपली फसगत कमी होते.

अंदाज बांधायचा तर आजूबाजूचं बरंचसं कळलेलं असावं लागतं. किती, यावर अभ्यास झालेला आहे. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी 2000 साली इंग्रजी कथेवर केलेला प्रयोग या क्षेत्रात सतत सांगितला जातो. कोणाच्या मदतीशिवाय, आनंदाने वाचायचं तर मजकुरातले सुमारे 98 टक्के शब्द आधीच माहीत हवेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. ऐकायला हा आकडा अशक्य वाटतो. पानावर मांडून पाहिला की समजतो. खिशात मावणाऱ्या पुस्तकाच्या पानावर साधारण 250 शब्द धरले, तर 98 टक्के म्हणजे पानाला 5 अनोळखी शब्द. 95 टक्के म्हणजे 12-13. आणि 90 टक्के, जे परीक्षेच्या भाषेत उत्तम वाटतं, म्हणजे पानाला 25, जवळजवळ प्रत्येक ओळीत एक. एका ओळीतला अनोळखी शब्द उलगडायला शेजारच्या ज्या ओळीचा आधार घ्यायचा, तिथेही भोक पडलेलं असतं.

पुस्तक निवडताना याची चाचणी दोन मिनिटांत होते. पहिलं पान सोडून द्यायचं, कारण तिथे वर्णन जास्त असतं. मधलं एखादं पान उघडून 100 शब्द मोजायचे आणि अनोळखी शब्दांखाली पेन्सिलीने टिंब द्यायचं. दोन-तीन टिंबं पडली तर ते पुस्तक सलग वाचायला घ्यावं. पाचापर्यंत असली तर रोज दोन-तीन पानं, हळू. दहाच्या पुढे गेली तर पुस्तक कितीही थोर असो, ते सध्या फळीवर ठेवावं. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये बी-१ पर्यंत शिकलेले कितीतरी जण पुढची उडी थेट विसाव्या शतकातल्या मोठ्या कादंबरीवर घेतात आणि पंधराव्या पानावर जर्मन वाचनच सोडतात. यात त्यांची बुद्धी कमी पडत नाही, पानावरचं प्रमाण चुकलेलं असतं. पातळीनुसार लिहिलेली छोटी पुस्तकं, दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्या, डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या आणि त्यांचा छापील मजकूर, या मधल्या पायऱ्या आहेत. त्यांना कमी लेखू नये.

एक गोष्ट मात्र वाचण्याआधी घोकूनच यायला हवी. जर्मन कथा लिहिताना साधा भूतकाळ वापरतात, आणि बोलण्यात तो कमी येत असल्यामुळे वर्गात त्याचा सराव थोडा होतो. श्लागन या क्रियापदाचं श्लूग होतं, ग्राइफनचं ग्रिफ, हेबनचं होब. छापील कोशात श्लूग शोधून ते नोंदीच्या जागी मिळत नाही आणि संदर्भाने अंदाज करावा तर जुनंच क्रियापद नवा शब्द म्हणून डोक्यात बसतं. अनियमित क्रियापदांचा तक्ता बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या मागे असतो. तो पाठ करणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

आता प्रत्यक्ष अंदाज. एक वाक्य घेऊ: ‘डेर ब्रीफट्रेगर ब्युक्टे झिश, होब डेन उमश्लाग आउफ उंट विश्टे मिट डेम एर्मल डेन श्मुट्स आप.’ ब्रीफट्रेगर म्हणजे पोस्टमन, आउफहेबन म्हणजे उचलणं आणि आपविशन म्हणजे पुसून काढणं, एवढं माहीत आहे असं धरू. ब्युक्टे, उमश्लाग, एर्मल, श्मुट्स हे चार शब्द नवे. नव्या शब्दांचं हे प्रमाण वर सांगितलेल्या हिशेबाने फारच मोठं आहे, पण रीत दाखवायला बरं.

पहिला प्रश्न अर्थाचा नसतो, जातीचा असतो. नाम की क्रियापद की विशेषण? जर्मन लिपी इथे मोठी मदत करते, कारण प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं. देवनागरीत ते दाखवता येत नाही, पण छापील पानावर उमश्लाग, एर्मल, श्मुट्स ही तिन्ही नामं आहेत हे वाचायच्या आधीच दिसतं. दुसरा प्रश्न, कोण कोणाला काय करतंय? पोस्टमनने उमश्लाग उचलला. एर्मलने श्मुट्स पुसून काढला, कारण मिट म्हणजे ‘ने’, साधन. इथे मराठीतच वाक्य लावून पाहावं, रिकाम्या जागेसह: पोस्टमनने अमुक केलं, ‘तमुक’ उचललं आणि ‘कशाने तरी’ त्यावरचं ‘काहीतरी’ पुसून टाकलं. तिसरी पायरी आजूबाजूची वाक्यं. आदल्या वाक्यात पाऊस होता का, पोस्टमनची सायकल पडली का? चौथ्या पायरीवर अंदाज. खाली पडलेलं उचलायला माणूस वाकतो, म्हणून ब्युक्टे झिश म्हणजे वाकला. पोस्टमनच्या हातून पडणारी गोष्ट म्हणजे पत्र, पाकीट किंवा पुडकं. पुसून काढायचं ते चिखल, धूळ, घाण. आणि पुसायचं साधन? रुमाल, फडकं, हात, बाही यांपैकी काहीही.

इथे थांबून पाहण्यासारखं आहे. संदर्भाने चारही शब्दांना सारखा उजेड दिलेला नाही. ब्युक्टे जवळजवळ नक्की ठरला, श्मुट्स पुरेसा ठरला, पण एर्मलभोवती फक्त एक कुंपण पडलं आणि आत चार उमेदवार उरले. बहुतेक वाचक नेमकं इथे चुकतात. चारांपैकी पहिला सुचलेला, बहुधा रुमाल, ते अर्थ म्हणून पक्का करून टाकतात. कुंपण तेवढं लक्षात ठेवून पुढे जावं. ‘पुसायला चालेल असं काहीतरी’ एवढ्यावर कथा अडत नाही.

शब्दाचे तुकडे पाहायचे ते यानंतर, सगळ्यात शेवटी. क्लार्क आणि नेशन यांनी 1980 साली अंदाजाच्या पायऱ्या मांडल्या, त्यातही तुकडे पाहणं शेवटीच येतं, आणि जर्मनसाठी तर हा क्रम फार मोलाचा आहे. एर्मलमध्ये आर्म दिसतो, म्हणजे हात, त्यावरून बाही हा उमेदवार पुढे येतो. तुकड्याने अंदाजाला दुजोरा दिला. उमश्लागमध्ये उम म्हणजे भोवती आणि श्लाग म्हणजे फटका. तुकड्यांपासून सुरुवात केली असती तर पोस्टमनने कोणाला फटका मारला हे शोधत बसावं लागलं असतं. संदर्भाने आधी पत्र किंवा पाकीट एवढं सांगितलेलं असल्यामुळे, भोवती गुंडाळलेलं ते पाकीट, हे आपोआप जुळतं.

जर्मनचे लांबलचक जोडशब्द पाहून मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही. आपला तत्पुरुष समास असाच चालतो: राजवाडा हा वाडा, देवघर हे घर. जर्मनमध्येही शेवटचं पद मुख्य, म्हणून उजवीकडून वाचत यायचं. हाउसट्यूरश्ल्युसल म्हणजे श्ल्युसल, किल्ली. कसली? ट्यूरची, दाराची. कुठल्या दाराची? हाउसच्या, घराच्या. लिंगही शेवटच्या पदाचंच लागतं. दोन पदांमध्ये कधीकधी एक ‘स’ येतो, तो फक्त सांधा असतो, त्याला अर्थ नसतो. पदं कुठे तोडायची ते मात्र वाक्य ठरवतं. ‘श्टाउ’ आणि ‘बेकन’ असं तोडलं तर धरणाचा जलाशय, ‘श्टाउब’ आणि ‘एकन’ असं तोडलं तर धुळीचे कोपरे. लिहिताना दोन्ही शब्द अक्षरन् अक्षर सारखे दिसतात. शिवाय काही जोडशब्द आतून गोठलेले असतात. शिल्टक्र्योटेमध्ये ढाल आणि भेक आहे, पण प्राणी कासव आहे. फायरआबेंटमध्ये उत्सव आणि संध्याकाळ आहे, पण अर्थ आहे दिवसाचं काम संपल्यानंतरची सुट्टीची वेळ.

छोट्या प्रत्ययांवर त्या मानाने जास्त भरवसा ठेवता येतो. शेवटी ‘लोस’ असेल तर ‘शिवाय’, ‘विना’. ‘बार’ असेल तर करता येण्याजोगं. सुरुवातीला ‘त्सेर’ असेल तर मोडतोड, चिंध्या, तुकडे यांपैकी काहीतरी घडतंय. ‘फेर’वर मात्र विसंबू नये. तो कधी चूक दाखवतो, कधी नाहीसं होणं, कधी काहीच नाही. तिथे पुन्हा वाक्याकडेच जावं लागतं.

संदर्भ दगा देतो तो बहुतेक वेळा एका छोट्या शब्दामुळे. ‘ट्रॉट्स डेर हित्से ट्रूग एर आइनन मांटल.’ त्याने कोट घातला होता. हित्से माहीत नाही, तर अंदाज सरळ आहे: कोट घातलाय म्हणजे थंडी. पण ट्रॉट्स म्हणजे ‘असूनही’, आणि हित्से म्हणजे उष्मा. अंदाज अगदी उलट्या टोकाला गेला, आणि गंमत म्हणजे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येतं, त्यामुळे चूक कुठे खुपतही नाही. ट्रॉट्स, ऑपवोल, ओने, आउसर, झोंडर्न, श्टाट, काउम, झेल्टन असे चाळीस-पन्नास शब्द हे वाक्याचे सांधे आहेत. हे संदर्भावरून शिकायचे नसतात, कारण संदर्भ त्यांच्यावरच उभा असतो. यादी करून, प्रत्येकाचं एक वाक्य लिहून, वाचनाला बसायच्या आधी ते पक्के करावेत. ‘काउम’कडे खास लक्ष द्यावं. त्यात नकाराचं कुठलंच चिन्ह दिसत नाही, पण अर्थ आहे ‘जेमतेम, जवळजवळ नाहीच’.

आपल्याकडच्या वाचकाची आणखी एक अडचण इंग्रजीची. जर्मन शिकणारा मराठी माणूस बहुधा इंग्रजीच्या मार्गाने जर्मनकडे आलेला असतो आणि नवा शब्द दिसला की त्याला इंग्रजी जुळं शोधायची सवय असते. हाउस, हांट, आर्म यांना ते चालतं. पण गिफ्ट म्हणजे विष, बाल्ट म्हणजे लवकरच, फास्ट म्हणजे जवळजवळ, राट म्हणजे सल्ला, बेकोमन म्हणजे मिळणं, ब्राफ म्हणजे (मुलाबद्दल बोलताना) शहाण्यासारखं वागणारं. इंग्रजी जुळं सुचलं की त्यालाही एक उमेदवारच समजावं आणि वाक्यात बसवून पाहावं. बसला नाही तर तिथल्या तिथे सोडून द्यावा. वाकवून बसवू नये.

याउलट जिथे मराठी थेट कामाला येते तिथे आपण ती वापरत नाही, याचं मला वाईट वाटतं. ‘डास बिल्ट गेफील ईम निश्ट.’ इंग्रजी साच्यात विचार करणारा कर्त्याचा गोंधळ करतो, चित्राला काहीतरी आवडलं नाही असं त्याला वाटू लागतं. मराठीत लावा: ‘ते चित्र त्याला आवडलं नाही.’ चित्र कर्ता, ज्याला आवडायचं तो चतुर्थीत, रचना जशीच्या तशी. ‘मिर इस्ट काल्ट’ म्हणजे ‘मला थंडी वाजते’, इथेही चतुर्थी. विसन आणि केनन या दोन क्रियापदांना इंग्रजी कोश एकच अर्थ देतो आणि मग फरक नियमाने पाठ करावा लागतो. मराठीत विसन म्हणजे माहीत असणं, केनन म्हणजे ओळखणं, परिचय असणं. वहीत अर्थ मराठीत लिहिला तर बराचसा फरक तिथेच मिटतो. लिंगाचंही तसंच. तीन लिंगं असतात ही गोष्ट आपल्याला नवी नाही, फक्त आपली लिंगं तिकडे नेऊ नयेत. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी आहे, सूर्य मात्र तिकडे स्त्रीलिंगी. आणि वाक्य लिंग फुकट देत असतं: ‘डेन उमश्लाग’ म्हटलं आणि ते एकच पाकीट आहे हे वाक्यात स्पष्ट आहे, म्हणजे उमश्लाग पुल्लिंगी. तो ‘डेन’ वाचताना गाळू नये.

अंदाज बरोबर आला म्हणजे शब्द आला, असं मात्र होत नाही. वेरिंग आणि ताकाकी यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जपानी विद्यार्थ्यांना सोप्या इंग्रजीतलं एक छोटं पुस्तक वाचायला दिलं होतं आणि त्यातल्या 25 शब्दांच्या जागी बनावट शब्द घातले होते. तीन महिन्यांनी, काही सुचवल्याशिवाय अर्थ विचारला, तर सरासरी 25 पैकी एकाच शब्दाचा अर्थ आठवत होता. जे शब्द पुस्तकात आठपेक्षा कमी वेळा आले होते त्यांपैकी एकाचाही अर्थ राहिला नव्हता. वाचनाची बाजू मांडणाऱ्या आपल्यासारख्यांना हा निकाल कडू लागतो. तरी तो मान्य करून पुढची आखणी करावी. कोणत्याही मजकुरात कितीतरी शब्द एकदाच येऊन जातात, म्हणून आठ-दहा भेटी आपोआप घडत नाहीत. त्या जुळवून आणाव्या लागतात.

त्यासाठी काही काळ एकाच विषयाचं वाचन हा मला सर्वांत चांगला उपाय वाटतो. रहस्यकथा घेतल्या तर टेटर, त्सॉयगे, श्पूर, लाइशे, फेरडाख्ट, टाटऑर्ट हे शब्द, म्हणजे गुन्हेगार, साक्षीदार, माग, प्रेत, संशय, गुन्ह्याची जागा, पहिल्या पुस्तकात दमवतात आणि तिसऱ्या पुस्तकात शब्द आहेत हेसुद्धा जाणवत नाही. टाटऑर्ट हे 1970 पासून जर्मन टीव्हीवर चालत आलेल्या मालिकेचं नावही आहे, म्हणजे तोच शब्द कानावरही पडू शकतो. एकाच लेखकाची दोन-तीन पुस्तकं ओळीने वाचली तरी हाच फायदा होतो, कारण प्रत्येक लेखकाचे आवडते शब्द असतात. आज हवामान, उद्या फुटबॉल, परवा कविता असं वाचलं तर वाचन भरपूर होतं, भेटी मात्र एकेकदाच होतात.

कोश केव्हा उघडायचा? एक प्रकरण आधी कोशाविना वाचावं, फक्त टिंबं देत. दोनच प्रसंगी थांबावं: घडतंय काय हेच कळेनासं झालं तर, किंवा एकच शब्द त्या प्रकरणात तिसऱ्यांदा आला तर. दुसऱ्या वाचनात टिंब दिलेल्या शब्दांपैकी पाच ते आठ निवडावेत. ओळखीच्या वाटणाऱ्या, इतरत्र भेटतील अशा शब्दांना प्राधान्य द्यावं, जहाजाच्या शिडांच्या नावांना नाही. कोश पाहायच्या आधी आपला अंदाज वहीत लिहावा. हे लिहिणं टाळलं तर कोशातला अर्थ वाचल्यावर ‘मला हेच वाटलं होतं’ असं वाटतं, आणि अंदाज कुठे चुकतो हे कधीच कळत नाही. मग शब्द एकटा न लिहिता आर्टिकलसकट, ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट लिहावा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने जर्मन शब्द झाकून फक्त वाक्य वाचावं आणि मोकळी जागा भरावी.

मोबाइलवर किंवा ई-रीडरवर बोट ठेवलं की अर्थ देणारे कोश आता सगळ्यांच्या हातात आहेत. त्यांना माझा विरोध नाही, पण त्यांच्या दोन खोडी माहीत हव्यात. बोट ठेवल्यावर बरेचदा यादीतला पहिला अर्थ दिसतो. ‘एर श्टेक्टे डेन श्ल्युसल इन्स श्लॉस’ या वाक्यात श्लॉसवर बोट ठेवलं तर राजवाडा मिळू शकतो, इथे आहे कुलूप. आणि ब्राख्टेवर बोट ठेवलं की ‘आणलं’ मिळतं, चार शब्द पलीकडचा उम यंत्राला दिसेलच असं नाही. बर्लिन-ब्रांडेनबुर्ग विज्ञान अकादमीचा डेव्हेडेएस (DWDS) हा ऑनलाइन कोश या बाबतीत वेगळा आहे. तो शब्द किती वापरात आहे हे दाखवतो आणि खऱ्या मजकुरातली वाक्यं देतो, त्यामुळे शब्दाच्या उरलेल्या भेटींपैकी काही तिथेच उरकता येतात. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-१ परीक्षेत वाचनाला 65 मिनिटं असतात आणि कोश नेता येत नाही, तेव्हा बोटाची सवय थोडी आधीच कमी केलेली बरी.

काही शब्द असे आहेत की त्यांच्यापाशी कोश जवळजवळ हात टेकतो. डॉख, माल, या, वोल. कोशात डॉखच्या नोंदीखाली पाच-सहा अर्थ असतात आणि वाक्यात त्यांपैकी एकही धड बसत नाही. हे शब्द फक्त वाचून आणि ऐकून येतात, आणि मराठी माणसाला ते इतरांपेक्षा लवकर येऊ शकतात, कारण आपण दिवसभर असेच शब्द वापरतो. ‘डू कोम्स्ट डॉख?’ म्हणजे ‘येतोयस ना?’ ‘कोम माल हेर’ म्हणजे ‘ये जरा इकडे.’ ‘एर इस्ट वोल क्रांक’ म्हणजे ‘आजारी असेल बहुतेक.’ ‘डास इस्ट या श्योन’ म्हणजे ‘छानच आहे की!’ वहीत यांच्यासाठी एक वेगळं पान ठेवावं. अर्थाचा रकाना करू नये. वाचताना असं वाक्य आलं की ते पूर्ण उतरवावं आणि खाली आपल्या घरात ते कसं म्हटलं जाईल ते लिहावं. डॉखची पंधरा-वीस वाक्यं जमली की ती एकदा ओळीने मोठ्याने वाचावीत, ‘ना’ची वेगळी, ‘की’ची वेगळी, ‘अरे पण’ची वेगळी.